वारशाचा शिकारी सुरा आणि रेनेसान्स वॅक्सची डबी

रेनेसान्स वॅक्स हे १९५० च्या दशकात ब्रिटिश म्यूझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं मेण. मायक्रोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म स्फटिकांचं) मेण आणि पॉलिथिलीन मेण व्हाइट स्पिरिटमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रावकात, कालवलेलं, दिसायला पांढरट मलमासारखं. संग्रहालयांत जुन्या हत्यारांवर आजही हेच लावतात. वारशाने आलेला कार्बन स्टीलचा शिकारी सुरा नुसता जपून ठेवायचा असेल, तर याला तोड नाही. मात्र हे मेण गंज काढत नाही. खाली जे असेल ते झाकतं. ‘मेण लावूनही महिन्याभरात लाल ठिपके आले’ अशी तक्रार बहुतेक वेळा अर्धवट साफ केलेल्या पात्याची असते.

म्हणून आधी पातं. लाल-तपकिरी, बोटाला भुकटी लागते तो गंज, तो काढायचाच. करडा-काळा, घट्ट बसलेला थर म्हणजे पॅटिना. तो लोखंडाला थोडंफार संरक्षण देतो आणि सुऱ्याचं वयही त्यावरच दिसतं. तो घासून पातं आरशासारखं केलं की जुन्या सुऱ्याची किंमत गेलीच म्हणून समजा. व्हिनेगर आणि लिंबू याच कारणाने नकोत: आम्ल गंजाबरोबर पॅटिनाही खातं आणि पातं डागाळतं.

गंजावर पातळ मशीन ऑइल लावून बारा ते चोवीस तास तसंच ठेवा. मग पितळेच्या पट्टीच्या कडेने, जवळजवळ आडवी धरून, फुगलेला गंज खरवडा. पितळ कडक केलेल्या पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पोलादावर उठत नाही; पिवळी रेघ उमटली तर ती पुसून जाते. उरलेल्या गंजाला ०००० नंबरचं, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूल तेलात बुडवून, पात्याच्या लांबीच्या दिशेनेच, हलक्या हाताने. मुठीलगत कारखान्याचा ठसा असतो, तिथे वूल नेऊच नका. तेलाचा बोळा आणि लाकडी टूथपिक पुरे. खड्ड्यांच्या तळाशी काळं राहिलं तर राहू द्या. खड्डा नाहीसा करायचा म्हणजे भोवतालचं सगळं पोलाद त्या खोलीपर्यंत उतरवायचं.

मोटारवर फिरणारं बफिंग व्हील (चकाकी आणायचं चाक) मात्र कटाक्षाने टाळा. पात्याचं टोक आणि धार पातळ असल्याने काही सेकंदांत तापतात. पोलादावर गवती पिवळा रंग साधारण २२० अंश सेल्सिअसला येतो, निळा ३०० च्या आसपास. निळं दिसलं की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग कितीही धार लावा, टिकत नाही.

आता ज्या पायरीला बहुतेक जण फाटा देतात ती: तेल पूर्ण काढणं. तेलकट पोलादावर मेण धरत नाही, आणि स्टील वूललाही कारखान्यातलं तेल असतंच. कापडावर थोडं अॅसिटोन घेऊन पातं पुसा, पण मुठीपासून बोटभर लांब. मूठ सेल्युलॉइडची (जुन्या काळच्या प्लास्टिकची) असेल तर अॅसिटोनने विरघळते. मुठीलगतचा भाग व्हाइट स्पिरिटच्या जेमतेम ओल्या बोळ्याने पुसा. इथून पुढे हातमोजे. घामातल्या क्षारांनी बोटाचा ठसा पोलादात कोरला जातो.

पातं हेअर ड्रायरने कोमट करा, हाताला सोसेल इतपतच. ओल उडते आणि मेण खड्ड्यांत उतरतं. दोन्ही बाजूंना मिळून मटारच्या दाण्याएवढं मेण पुरतं, म्हणून छोटी डबीसुद्धा वर्षानुवर्षं जाते. जाड थर देऊ नका: चिकट राहतो, धूळ धरतो आणि खाचांत पांढरा साचतो. साचलंच तर मऊ ब्रशने काढा. काही मिनिटांनी सुती कापडाने चमकवा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात द्या. बिघडलं तर व्हाइट स्पिरिटने सगळं निघून येतं.

लाकडी आणि शिंगाच्या मुठीलाही हेच मेण चालतं. पाण्यात भिजवू मात्र नका. सांबरशिंगाचा आतला भुसभुशीत गर पाणी शोषतो आणि आतली पोलादी दांडी गंजत राहते. मुठीलगतच गंज जास्त, मुठीला बारीक तडे आणि कापरासारखा वास, अशी तिन्ही लक्षणं असतील तर सेल्युलॉइडचा संशय घ्या. ते कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि पेटही चटकन घेतं. असा सुरा बंद पेटीत आणि दुसऱ्या सुऱ्यांशेजारी ठेवू नये. तिथे मेणही फार काळ तग धरत नाही.

म्यानाचं तसंच. चामड्यात ओल आणि कमावणीची आम्लं राहतात. पितळी रिव्हेटभोवतीचा हिरवा मेणचट थर म्हणजे चामड्यातल्या स्निग्ध आम्लांची पितळातल्या तांब्याशी झालेली प्रक्रिया. तो टूथपिकने निघतो. म्यान सुऱ्याशेजारी ठेवा, सुरा म्यानात नको. म्यानाला भरपूर तेल पाजलं तर चामडं लुळं पडतं आणि सुरा घट्ट बसत नाही.

मेणाच्या उणिवाही आहेत. वास उग्र, त्यामुळे खिडकी उघडी आणि ज्योत लांब. सुरा वापरात असेल तर धारेवरचा थर पहिल्या काही कापांतच जातो. खाण्याचं काही कापायचं असेल तर हे लावूच नका. तिथे फूड-ग्रेड मिनरल ऑइलचा पातळ हात पुरे. स्वयंपाकाचं तेल नको, ते खवट होतं नाहीतर चिकटतं. आणि झाकण सैल राहिलं तर स्पिरिट उडून मेण खडूसारखं कोरडं होतं. झाकण लावण्याआधी डबीची कड पुसून घ्या. तिथे सुकलेलं मेणच ते नीट बसू देत नाही.