चौतिसाव्या वर्षी एएनएमचा वर्ग

शिवणयंत्र बाजूला ठेवून वयाच्या 34 व्या वर्षी मी यवतमाळ जिल्ह्यातील एका नर्सिंग स्कूलमध्ये दोन वर्षांच्या एएनएम (सहायक परिचारिका व प्रसूतिका) अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. कमाल वयोमर्यादा 35 असल्याने आणखी थांबण्याची सोय नव्हती. शिकवणे उत्तम आहे. पाच आजारांपासून संरक्षण देणारी पेंटाव्हॅलंट लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, बाळाच्या डाव्या मांडीच्या बाहेरील बाजूस कशी द्यायची, हे मॅडमनी इतके नीट समजावले की उपकेंद्रात पहिल्यांदा सिरिंज धरताना माझा हात, सुईची इतक्या वर्षांची सवय असूनही, थरथरला. पण चुकला नाही. वसतिगृह मात्र निराशाजनक आहे: मे महिन्यात कूलरला पाणी नसते, आणि लेकरे घरी असलेल्या विद्यार्थिनींनाही रविवारच्या सुटीसाठी दोन दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. शुल्काची पावती मागूनच घ्यावी.