गेंड्याचे परजीवी: पोटातले की कातडीवरचे?

पुणे विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारी भाची प्रबंधाच्या विषयावर अडलीय: गेंड्याचे जंत घ्यावेत की गोचिडी?

आधी नमुने बघू. भारतीय गेंडे बरेचदा ठरावीक जागीच विष्ठा टाकतात. ढीग सापडला की जनावराला हात न लावता काम होतं. गोचिडीसाठी मात्र गेंडा बेशुद्ध केलेला हवा, नाहीतर मेलेला. गवतावरून फडकं ओढूनही गोचिडी मिळतात, पण त्या गेंड्याच्या की रानम्हशीच्या, कोण सांगणार? वनखात्याची परवानगी दोन्हीकडे लागतेच.

खर्च म्हणाल तर विष्ठेतली जंतांची अंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात तरंगतात, पर्णकृमींची (पानासारखे चपटे जंत) जड अंडी तळाला बसवून घ्यायची. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. घोडं अडतं ते ओळखीत. स्ट्राँगाइल या गोल जंतांच्या गटातली अंडी एकसारखीच दिसतात, जात ठरवायला डीएनए तपासणी, म्हणजे पैसे. गोचीड ७० टक्के अल्कोहोलमध्ये टिकते आणि जात बाह्यरूपावरून ठरवता येते.

(आफ्रिकी गेंड्यांवरची जायरोस्टिग्मा माशी दोन्ही खात्यांत मोडते: अंडी कातडीवर, अळ्या जठरात. माझी लाडकी!)

एका वर्षात प्रबंध संपवायचा असेल, तर विष्ठाच. गेंडे बेशुद्ध करून हलवणाऱ्या पशुवैद्यांसोबत काम करायची सोय असेल, तरच गोचिडी.