हृदयाचा एमआरआय: नजरेने वाचायचा की आकड्यांत मोजायचा?

हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतं का, हे पाहणारी ही तपासणी दोन्हीकडे जवळपास तीच. अ‍ॅडिनोसिन हे औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शिरेतून गॅडोलिनियम (एमआरआयत रक्त उजळ दाखवणारं द्रव्य) सोडतात आणि ठोक्यागणिक चित्रं घेतात. मुख्य फरक पडतो तो ती वाचताना.

नजरेने वाचणं झटपट होतं. रक्त नीट पोचलं तो स्नायू उजळतो, कमी पोचलं तो काळसर राहतो. एकच वाहिनी अरुंद असेल तर अनुभवी डोळ्याला एवढं पुरतं. पण ही सगळी पारख शेजारच्या भागाशी तुलना करून होते. तिन्ही वाहिन्यांत अडथळा असेल, किंवा आजार सूक्ष्म वाहिन्यांचा असेल, तर अख्खा स्नायू सारखाच मंद उजळू शकतो. तुलनेला निरोगी भागच उरत नाही. मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण जास्त आजारी माणूसच हातून निसटतो.

मोजमापात प्रत्येक भागाचा प्रवाह दर ग्रॅम स्नायूमागे मिनिटाला किती मिलिलिटर, असा मिळतो. विश्रांतीत तो साधारण १ असतो, निरोगी हृदयात औषधाने दुप्पट-तिप्पट होतो. सगळीकडे १.२ वरच अडकला, तर एकसारख्या चित्रातलाही दोष दिसतो. मात्र आधी कॉफी घेतली असेल तर औषध नीट लागू पडत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. शिवाय या हिशेबाला रक्तात किती गॅडोलिनियम आहे हेही लागतं; पण हृदयाच्या पोकळीत ते इतकं दाट असतं की चित्रातला उजळपणा त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून रक्तासाठी वेगळी चित्रं घ्यावी लागतात.

छातीत दुखतंय आणि अँजिओग्राफी स्वच्छ आहे, म्हणजे मोठ्या वाहिन्यांत अडथळा दिसत नाही, अशा रुग्णासाठी मी आकड्यांचाच आग्रह धरेन.