चुंबक चिकटलं नाही, म्हणून विश्वास बसला

निफाड तालुक्यात आमचा छोटा वृद्धाश्रम आहे. 22 आजी-आजोबा. निफाडची थंडी नाशिककरांना वेगळी सांगायला नको. इथे सकाळचं गरम पाणी म्हणजे चैन नव्हे. अंथरुणात लघवी झालेल्या माणसाला थंड पाण्याने पुसता येत नाही.

दिवाळीच्या तोंडावर उन्हावर पाणी तापवणारा 500 लिटरचा सोलर घ्यायचं ठरलं. बाकीच्यांची कोटेशनं लाखाच्या वर, एका विक्रेत्याचं 82 हजार. वर म्हणाला, "सूर्यघर योजनेतून 40 टक्के परत मिळतील, फाइलचे साडेसहा हजार वेगळे." आम्ही दिले. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली ती योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे, तीही घरांसाठी. पाणी तापवायच्या संचाला त्यात अनुदान नाही. पाच मिनिटं योजनेची माहिती वाचली असती तर कळलं असतं. नाही वाचली.

टाकी 304, म्हणजे चांगल्या प्रतीच्या स्टीलची आहे हे पटवायला त्याने खिशातून चुंबक काढलं. चिकटलं नाही. आम्ही सगळे खूश. पण स्वस्तातल्या 202 स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, हे नंतर एका भंगारवाल्याने सांगितलं. तो केमिकलचा थेंब टाकून ओळखतो, 202 असेल तर थेंब लाल होतो. आमचा लालभडक झाला.

जानेवारीत आठ-नऊ आंघोळी झाल्या की नळाला गार पाणी. विक्रेता म्हणे, "तुमची माणसं पाणी जास्त वापरतात." आमच्याकडे एक आजोबा आहेत, उभी हयात सातपूरला टर्नर होते. त्यांनी टेप मागवून घेतला. बाहेरून व्यास 56 सेंटिमीटर, लांबी 2.2 मीटर. "टाकीभोवती ऊब धरणारा फोम, म्हणजे पफ, दोन इंच आहे म्हणतो ना? मग आतला व्यास 46. पाणी मावतं 365 लिटर. पाचशे मावत असेल तर पफ जेमतेम एक सेंटिमीटर. दोन्हीतलं एक तरी खोटं." मग टाकी रिकामी करून बादल्या मोजल्या, 20 लिटरच्या साडेअठरा भरल्या.

ढगाळ दिवसासाठी 3 किलोवॅटची विजेची कॉइल होती. 500 लिटर पाणी 40 अंशांनी तापवायला तिला जवळपास आठ तास लागतात. हे विकताना कोण सांगतो?

पण जिव्हारी लागलं ते एप्रिलमध्ये. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी हात लावता येणार नाही इतकं तापतं, म्हणून आम्ही मिक्सिंग व्हॉल्व्हचे वेगळे साडेचार हजार मोजले होते. गार पाणी आपोआप मिसळून ठरावीक तापमानालाच पाणी सोडणारा व्हॉल्व्ह. एका आजींनी नळाखाली पाय धरला. त्यांना मधुमेह, तळपायाला संवेदना नाही. पाय भाजतोय हे त्यांना कळलंच नाही. कातडी सोललेली मावशींनी पाहिली. जखम भरायला तीन महिने लागले. प्लंबरने खोलून दाखवलं: व्हॉल्व्ह कसला, नुसता उघडझाप करणारा साधा बॉल कॉक होता.

दुसऱ्या दिवाळीच्या आत टाकी वेल्डिंगच्या शिवणीवर पाझरू लागली. पत्रा उघडला तर आत पफच्या जागी थर्माकोलचे तुकडे कोंबलेले. वॉरंटी पाच वर्षांची, पण शिक्का मारलेल्या साध्या कागदावर. "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी भरावा लागेल" हे आम्हीच मान डोलावून ऐकलं होतं, त्यामुळे तक्रार करायला गेलो तर हातात दाखवण्यासारखं काही नाही. फोन आधी उचलत नव्हता, आता बंदच आहे.

तुमच्याकडे कोणी आला तर पैसे देण्याआधी टेप लावा, बसवल्यावर बादल्या मोजा. मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घेताना स्वतः थर्मामीटर धरून उभे राहा, दुपारी दोनच्या उन्हात.

सध्या माळ्यावरचे दोन तांब्याचे बंब खाली काढलेत. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या शेजारचे शेतकरी फुकट देतात. धूर होतो, खोकला होतो. टर्नर आजोबा पहाटे चारला उठून पेटवतात, आणि पहिली बादली आजींकडे जाण्याआधी कोपर बुडवून बघतात.