वॉटर-बेस्ड ॲक्रिलिक की लॅकर? माझं तरी मास्किंग टेपने ठरवलं

विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं किट जोडून झालं, सांधे घासून झाले, आता एअरब्रशमध्ये (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं साधन) रंग कुठला भरायचा इथे जे अडकलेत त्यांच्यासाठी लिहितोय. वॉटर-बेस्ड ॲक्रिलिक मी तीनेक वर्षं वापरलं, त्यानंतर लॅकर, म्हणजे उग्र वासाच्या सॉल्व्हंटमधला रंग, आणि जे सांगतोय ते ठाण्याच्या फ्लॅटमधल्या बंदिस्त बाल्कनीतल्या अनुभवावरून, तुमच्याकडे थोडं वेगळं असू शकतं. इनॅमल (सावकाश वाळणारा तेलकट रंग) बाजूलाच ठेवतो, ते आता माझ्याकडे फक्त वॉशपुरतं, म्हणजे खाचांत पातळ गडद रंग सोडण्यापुरतं उरलंय.

सुरुवात वॉटर-बेस्डने केली तर काही चुकत नाही. वास जवळजवळ नाहीच, ड्रॉपरच्या बाटलीतून मोजून थेंब टाकता येतात, घरात लहान मूल असो की आजी-आजोबा, कुणाला त्रास नाही. आणि हाताने ब्रशनेच रंगवायचं असेल तर हाच रंग घ्या. सीटचे बेल्ट, कॉकपिटमधली बटणं, पायलटचा चेहरा हे सगळं मी आजही त्यातच करतो, कारण लॅकरचा दुसरा हात ब्रशने द्यायला गेलं की खालचा पहिला हात विरघळून वर येतो. एअरब्रशमध्ये सुईच्या टोकावर रंग सुकतो हे खरंय, दर पाच-सात मिनिटांनी क्लीनरमध्ये बुडवलेल्या इअरबडने टोक पुसावं लागतं, पण रंग सावकाश सुकवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब टाकले की बरंच कमी होतं. तेवढ्यासाठी मी रंग बदलला नसता.

बदलला तो टेपमुळे. आपल्या नौदलाचा सी हॅरियर (लढाऊ विमान) करत होतो, १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा. १९८३ पासून २०१६ पर्यंत गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरून उडणारं ३०० स्क्वॉड्रनचं, म्हणजे व्हाइट टायगर्सचं विमान. सुरुवातीच्या काळात वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि पोटाकडून स्वच्छ पांढरा असा रंग होता, ब्रिटिश नौदलाचाही तसाच होता, त्यांनी १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या वेळी पांढरा झाकून टाकला. मला तो जुना दोन रंगांचाच हवा होता, म्हणजे आधी पांढरा, मग मास्किंग (पांढरा भाग टेपने झाकणं), मग वरून ग्रे. प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा हात) वॉटर-बेस्ड, पांढऱ्याचे चार पातळ हात, पूर्ण दोन दिवस वाळू दिला, टेप आधी तळहातावर चिकटवून त्याचा चिकटपणा कमी केला, थोडक्यात जे जे करतात ते सगळं केलं. ग्रे मारून टेप हळूच मागे दुमडत काढायला घेतली तर इनटेकच्या (इंजिनात हवा घेणारं तोंड) ओठापाशी अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा तुकडा प्रायमरसकट टेपबरोबर निघून आला. खाली उघडं प्लास्टिक, आणि टेपच्या चिकट बाजूला त्या तुकड्यावर पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडाची रेघ) जशीच्या तशी उमटलेली.

बरं, निघालं तर निघालं, दुरुस्त करू म्हटलं. पण हा रंग घासला तर कडा पातळ होत जात नाही, खोडरबरच्या भुग्यासारखा गोळा होऊन सुटतो. २००० नंबरचा पेपर, भरपूर पाणी, तरी तेच, पायरी तशीच राहते आणि वरून रंग मारला की ती आणखी दिसते. दोन रविवार त्यात गेले. त्यानंतरच्या मॉडेलला पंखाच्या कडेवर पुन्हा तेच झालं, तेव्हा निर्णय झाला.

कारण साधं आहे. वॉटर-बेस्ड रंग प्लास्टिकवर कातडीसारखा बसतो, तर लॅकरमधलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीनचा (किटचं प्लास्टिक) पृष्ठभाग किंचित मऊ करतं, त्यामुळे रंग त्याला धरून बसतो. तोच सी हॅरियर पुन्हा केला तो मिस्टर कलर या लॅकर रंगांमध्ये, मिस्टर लेव्हलिंग थिनर साधारण दीडपट घालून. तासाभरातच टेप लावली, काढली, आणि रेघ एकदम स्वच्छ. एका जागी धूळ बसली होती, ती घासली तर कडा अगदी अलगद विरून गेली. एअरब्रश धुणंही सोपं, वाळलेला लॅकर थिनरने लगेच सुटतो.

वासाचं मात्र हलक्यात घेऊ नका. एन-९५ मास्क धुळीसाठी असतो, वाफ अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज असलेला मास्कच हवा, आणि हवा बाहेर फेकणारा बूथ हवा. वाफ पेट घेते, त्यामुळे स्वयंपाकघरात गॅस चालू असताना किंवा देवापुढे निरांजन तेवत असताना मी स्प्रे करत नाही. थिनर ज्वलनशील असल्यामुळे विमानाच्या कुरियरने येत नाही, ट्रकने येईपर्यंत वाट बघावी लागते. आणि तोवर हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर रंगात घालायचा मोह टाळा, तो फार तेज असतो, बारीक डिटेल वितळू शकतं. मी तो एअरब्रश धुण्यापुरताच ठेवलाय.

पावसाळ्यात लॅकरचाही त्रास आहे. थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प रंगात बसतं आणि ग्लॉस काळ्यावर वाफ धरलेल्या आरशासारखी पांढुरकी झाक येते. लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतो त्यामुळे कमी होतं, आणि आलीच तर त्याच थिनरचा हलका फवारा मारला की माझ्याकडे तरी बहुतेक वेळा गेलीय. तरी जुलैमध्ये मी शक्यतो कॉकपिटच रंगवत बसतो.

घरात तान्हं बाळ असेल किंवा खिडकीच नसेल तर वॉटर-बेस्डच ठेवा, फक्त खालचा प्रायमर तेवढा लॅकरचा घ्या. तो कुणा मित्राकडे जाऊन मारला तरी चालेल, टेपबरोबर रंग निघण्याचं प्रमाण त्याने खूपच खाली येतं. थोडा वास चालणार असेल तर तामिया कंपनीच्या एक्सएफ या मॅट ॲक्रिलिक रंगाच्या बाटल्या लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून बघा, त्या बऱ्यापैकी लॅकरसारख्या चिकटतात. आणि बाल्कनी आणि मास्क दोन्ही असेल तर मी म्हणेन पांढरा, काळा आणि एक ग्रे एवढेच लॅकर आधी आणा, आणि पहिल्यांदा असं विमान घ्या ज्याच्या अंगावर दोन रंगांची सरळ रेघ आहे.