शिबिरात दाखवलेली सायकल आणि घरी आलेली सायकल

गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या ज्येष्ठांसाठी मोफत तपासणी शिबिर भरवायचे, तेथे व्यायामाची एक उत्तम सायकल दाखवायची, पैसे घ्यायचे आणि घरी भलतीच सायकल पोहोचवायची, असा प्रकार परभणीत आमच्या वसाहतीतील अनेक कुटुंबांच्या बाबतीत घडला. त्यात आमचेही घर आहे. हे लोक प्रत्येक ठिकाणी नाव बदलतात, पद्धत मात्र तीच ठेवतात, म्हणून ती पद्धत तपशिलाने सांगत आहे.

जागेवरच्या सायकलीविषयी माझी तक्रार नाही, हे आधी स्पष्ट करतो. पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम व्हावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि परभणीच्या उन्हाळ्यात सकाळी आठनंतर कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर फिरणे वयस्कर माणसाला झेपत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायवाटेवर आला की घसरून पडण्याची भीती असते. सायकलीवर शरीराचा बराचसा भार बैठकीवर जात असल्यामुळे गुडघ्यांवर चालण्याइतका ताण येत नाही, तोल जाण्याचे भयही कमी असते. म्हणूनच संधिवाताच्या रुग्णांना अनेक डॉक्टर तिचा सल्ला देतात. विक्रेत्यांनी नेमक्या या खऱ्या गोष्टीचाच आधार घेतला होता.

वर्तमानपत्रातून पत्रक आले होते. एका मंगल कार्यालयात ‘गुडघे, कंबर व हाडांची संगणकीय तपासणी’ विनामूल्य होणार होती. तेथे पांढरे कोट घातलेली तरुण मुले प्रत्येकाच्या हातात धातूची एक कांडी देत, ती संगणकाला जोडत आणि मिनिटभरात रंगीत आलेखांचा अहवाल छापून देत. हाडांची घनता, सांध्यांतील वंगण, रक्ताभिसरण, सगळे त्यात टक्केवारीसह होते. वास्तविक हाडांची घनता मोजण्यासाठी डेक्सा नावाची क्ष-किरण तपासणी करावी लागते आणि गुडघ्याची झीज पाहण्यासाठी एक्स-रे किंवा एमआरआय लागतो. हातात कांडी धरून यांपैकी काहीही कळत नाही. परंतु “आई, तुमच्या गुडघ्यातलं वंगण संपत आलंय, अजून वर्षभर थांबलात तर ऑपरेशनच” असे पत्नीला इतक्या आपुलकीने सांगण्यात आले की, हॉलमधील जवळजवळ प्रत्येक घराने पुढच्या खोलीतील यंत्राकडे आशेने पाहिले. प्रत्येकाच्या अहवालात दोष निघाला होता. एकही माणूस निरोगी ठरला नाही, ही गोष्ट नंतर अहवाल शेजारी शेजारी ठेवल्यावर लक्षात आली.

पुढच्या खोलीतील सायकल खरोखरच चांगली होती. तिचे फिरते चाक जड होते, पायडल आवाज न करता फिरत होते, बैठक पाठीमागे टेकता येईल अशी रुंद होती. ही चुंबकीय सायकल आहे व तिच्यातील चुंबक गुडघ्याकडे रक्त खेचून झिजलेली गादी पुन्हा भरून काढतात, असे तेथील माणूस सांगत होता. अशा सायकलीत चुंबक असतात हे खरे आहे, मात्र त्यांचे काम निराळे आहे. धातूच्या फिरत्या चाकाजवळ चुंबक आणले की चाकात विद्युतप्रवाह निर्माण होऊन त्याची गती रोखली जाते. चुंबक जितका जवळ, तितके पायडल जड. घासणारा भाग नसल्यामुळे ही रचना टिकते आणि आवाज करत नाही. तिचा रक्ताशी किंवा गुडघ्याच्या गादीशी कसलाही संबंध नाही.

किंमत ३२,००० रुपये सांगून ज्येष्ठांसाठी ती २१,५०० वर आणली गेली. ५,००० रुपये इसार त्याच दिवशी आणि उरलेली रक्कम माल घरी आल्यावर, असे ठरले. पावती मिळाली, तिच्यावर शिक्काही होता. पावतीवर वस्तूचे वर्णन फक्त ‘हेल्थ सायकल, १ नग’ एवढेच होते. मॉडेलचा क्रमांक, चाकाचे वजन, किती किलोपर्यंतच्या माणसाने बसावे, यांपैकी काहीच नोंदवलेले नव्हते. मी पाटबंधारे विभागात नोकरी केली आहे. तेथे मोजमाप पुस्तकात जे लिहिलेले नाही त्याचे बिल निघत नसे, आणि येथे तर नेमके तेच रिकामे सोडलेले होते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील व्यापाऱ्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो. पावतीवर छापलेल्या क्रमांकात चौदाच अक्षरे होती. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून कोणालाही फुकट तपासता येतो. इसाराची रक्कम ज्या क्यूआर कोडवर गेली, तेथेही कंपनीचे नसून एका व्यक्तीचे नाव दिसत होते.

घरी खोके घेऊन आलेल्या दोन मुलांनी उरलेले पैसे रोख घेतले, सायकल जोडून दिली आणि ते लगेच निघून गेले. ही सायकल वेगळीच होती. हलक्या चाकाला नमद्याची पट्टी दाबून अडवणारी, मूठ फिरवून पट्टी आवळायची, अशी ती जुनी रचना होती. थोड्याच दिवसांत पट्टी झिजली आणि घरभर करकर सुरू झाली. पाठ टेकायची सोय नव्हतीच. सगळ्यांत वाईट म्हणजे बैठकीचा दांडा एवढा आखूड होता की, सर्वांत वरच्या छिद्रात खिळ लावूनही पत्नीचा गुडघा पूर्ण वाकलेलाच राहत असे. पायडल तळाशी असताना गुडघा थोडासाच, साधारण २५ ते ३५ अंश, वाकलेला असावा. बैठक खाली असली की गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो, हे आम्हांला फिजिओथेरपिस्टने दाखवून दिले, तेव्हा गुडघा सुजलेला होता. ज्या दुखण्यासाठी सायकल घेतली, तेच तिने वाढवले.

शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांचे नुकसान पैशांपेक्षा मोठे झाले. सायकलीवर रोज अर्धा तास बसल्यास मधुमेहाच्या गोळ्या बंद करता येतील, असे शिबिरातील ‘डॉक्टरांनी’ त्यांना सांगितले होते. त्यांनी गोळ्या थांबवल्या आणि साखर एवढी वाढली की मुलाला त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने मनाई आहे. हे लोक असले दावे पत्रकात छापत नाहीत, समोर बसून तोंडी सांगतात. माझ्या मते सायकल बदलण्यापेक्षा हा अपराध अधिक गंभीर आहे.

पावतीवरील फोन बंद होता, पत्ता दुसऱ्या शहरातील होता आणि तेथे तसे दुकान नव्हते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि मराठीतूनही बोलता येते. परंतु समोर विक्रेताच सापडत नसेल तर हेल्पलाइन कोणाला विचारणार? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पावती न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत, ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तरीही नोटीस बजावण्यासाठी विरुद्ध पक्षाचा खरा पत्ता लागतोच. शेवटी आम्ही सर्वांनी मिळून पोलिसांत लेखी अर्ज दिला आणि त्याला यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, पत्रक आणि मंगल कार्यालयाच्या नोंदवहीतील नावाची प्रत जोडली. ज्यांनी सगळे पैसे रोख दिले होते, त्यांच्याजवळ जोडायला शिबिरातल्या कांडीचा अहवालच होता.

अर्ज दिल्यानंतर काही काळाने एक फोन आला. बोलणारा स्वतःला कंपनीचा रिफंड अधिकारी म्हणवत होता आणि त्याला सायकलीची किंमत, रंग, तारीख सगळे ठाऊक होते. रक्कम परत मिळवण्यासाठी पाठवलेला कोड स्कॅन करून पिन टाका, असे तो सांगत होता. पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे माझ्या मुलाने पूर्वीच बजावलेले असल्यामुळे मी फोन ठेवला. आमच्या गल्लीतील एका बाईंचे मात्र आणखी पैसे गेले.

अलीकडे गंगाखेडच्या एका नातेवाइकांनी त्यांच्याकडे आलेले पत्रक मला पाठवले. नाव नवे, फोन नवा, मात्र कांडी धरलेल्या वृद्ध दांपत्याचे छायाचित्र तेच आहे आणि ‘हाडांची संगणकीय तपासणी’ हे शब्दही तेच आहेत. सेलू, जिंतूर, पूर्णा या भागांत असे शिबिर भरल्यास पैसे देण्यापूर्वी एवढेच म्हणावे की, खोलीत ठेवलेली हीच सायकल आम्हांला हवी, तिच्यावरील क्रमांक पावतीवर लिहा आणि ती आत्ताच आमच्या ऑटोत चढवा.