ऑइल कॅच कॅन : 11 महिने आणि 14,000 किलोमीटरनंतर

ऑइल कॅच कॅन म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाफेतलं तेल अडवणारा छोटा डबा. आधी गाडी सांगतो. दीड लिटरची टर्बो डिझेल, बीएस-4, कॅन बसवला तेव्हा काट्यावर 1,18,000 कि.मी. रोजचं चालणं कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. अधूनमधून फोंडा घाट उतरून गावी कणकवलीला. म्हणजे इंजिन नीट तापायच्या आत बंद करायचं, नाहीतर एकदम घाटात राबवायचं. ब्रीदरसाठी, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेसाठी, दोन्ही वाईट.

इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाईप काही कामासाठी उघडला तेव्हा त्यातून चमचाभर तेल ओघळलं. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करायला काढला तर मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याच्या, तोंडाशी डांबरासारखा थर. पिस्टन रिंग कितीही चांगल्या असोत, ज्वलनातला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भागात, उतरतोच. गॅरेजात यालाच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. त्याला वाट दिली नाही तर दाब वाढून सीलमधून तेल गळायला लागतं. जुन्या गाड्यांत एक नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असायची. 1960 च्या दशकापासून ही तेलकट वायूची वाफ परत इंजिनालाच पाजायची पद्धत रूढ होत गेली. माझ्या गाडीत ती एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाईपात जाते. वाफेतले तेलाचे बारीक थेंब पुढे ईजीआरच्या काजळीला भेटले की झाला खरवडायचा कार्यक्रम. कॅन या वाटेत बसतो आणि थेंब अडवतो. काम एवढंच.

ऑनलाइन 2,200 रुपयांना 300 मिलीचा ॲल्युमिनियमचा कॅन घेतला. आला, उघडला, आत काही नाही! रिकामा डबा. वाफ एका तोंडातून आत, दुसऱ्यातून बाहेर, अडवणार कोण? उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून भोकं पाडलेल्या दोन स्टीलच्या चकत्या करून घेतल्या आणि मध्ये स्टेनलेसची जाळी दाबून बसवली. आत येणारी वाफ आधी तळाकडे वळेल आणि मगच वर जाईल अशी आतली नळी लांब केली. भांडी घासायची घासणी कोंबायचा मोह मलाही झाला होता. करू नका. तिची एक तार सुटून टर्बोच्या पंख्यात गेली तर कॅनच्या दसपट खर्च होईल.

पहिल्यांदा बसवताना मी शहाणपणा केला. कॅनवर छोटा फिल्टर लावून वाफ बाहेर सोडली आणि टर्बोकडच्या पाईपाचं तोंड बंद केलं. म्हटलं, इनटेक कायमचा स्वच्छ. माझे नेहमीचे मेस्त्री बॉनेटमध्ये डोकावून म्हणाले, “सायेब, इंजनानं नाक कुठं शिंकरायचं ते आता तुमी ठरवणार व्हय?” आठवड्यात उत्तर मिळालं. सिग्नलला उभं राहिलं की वायपरखालच्या जाळीतून जळक्या तेलाचा वास थेट केबिनमध्ये. बायको दोनदाच बसली, तिसऱ्यांदा रिक्षा केली. शिवाय कारखान्यातून बंद आलेली वाट अशी उघडी करणं म्हणजे प्रदूषण नियंत्रणाच्या व्यवस्थेलाच हात घालणं. पीयूसीत ते दिसत नाही, कारण तिथे नळी सायलेन्सरला लावतात. पण दिसत नाही म्हणून बरोबर ठरत नाही. वीस दिवसांत फिल्टर काढला आणि कॅनमधून वाफ परत टर्बोच्या आधीच्या पाईपाला जोडली. वास त्याच दिवशी बंद.

रॅलीतल्या गाड्यांना उघडा ब्रीदर चालतो, पण तिथे हेतू निराळा : ट्रॅकवर तेल सांडू नये. एफआयए या जागतिक मोटारस्पर्धा संघटनेच्या नियमात अशा गाडीला 2000 सीसीपर्यंत 2 लिटरचा कॅच टँक लागतो, तोही आतलं दिसेल असा. आमचा 300 मिलीचा डबा त्यापुढे चहाचा कप.

जागेचा फरक इतका पडेल असं वाटलं नव्हतं. सुरुवातीला नळी आखूड राहावी म्हणून कॅन इंजिनाजवळच बसवला होता. 1,000 कि.मी.ला जेमतेम 5 मिली. डबाच तापलेला, तर वाफेचे थेंब होणार कसे? मग तो हेडलाइटच्या मागे, समोरून वारा लागेल तिथे नेला. तेवढ्याच अंतरात 18 मिली. नळी मात्र इंजिनाकडून कॅनकडे सतत उतरती हवी. मध्ये झोळ राहिला की पाणी-तेल तिथेच साचतं आणि श्वास अडतो.

नळीतही एकदा हात पोळले. दुकानात मिळाली ती हीटरची नळी लावली. ते रबर पाण्यासाठी असतं. तीन महिन्यांत तेलानं फुगून मऊ पडलं, क्लिपखालून घाम फुटला. आता तेलाला टिकणारी नायट्राइलची, आत विणकाम असलेली नळी आहे. आतला व्यास मूळ नळीएवढाच ठेवा, माझ्या गाडीत तो 19 मिमी होता. बारीक नळी म्हणजे क्रँककेसचा दाब वाढवायला आमंत्रण. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) वर उचललेली दिसली तर समजा नाक दाबलं गेलंय.

पावसाळ्यात कॅननं खरं रूप दाखवलं. जुलैत उघडला तर 45 मिली, त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी, वर ताकासारखा पिवळट फेस. मी घाबरलो, हेड गॅस्केट जाऊन कूलंट तेलात उतरतंय म्हणून. कूलंटची पातळी जागेवर होती. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, दमट हवेतलं आणि ज्वलनातलं पाणी उडून न जाता आतच साचतं, एवढाच प्रकार. त्याच महिन्यात कणकवलीहून परतल्यावर काढलं तेव्हा जवळपास निव्वळ काळं तेल. निघालेलं कधीही इंजिनात परत ओतू नका. पाणी, डिझेल, आम्ल, सगळं असतं त्यात. मी जुन्या ऑइलच्या डब्यात साठवतो आणि सर्व्हिसला देतो.

एक गोष्ट जरा जोरात सांगतो. डिझेलवाल्यांनी कॅन रिकामा करायला विसरायचं नाही. भरला की त्यातलं तेल टर्बोवाटे सरळ सिलिंडरात ओढलं जाऊ शकतं, आणि डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं. मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. त्यापेक्षा कॅन नसलेला बरा. मी मोबाइलवर दर 1,000 कि.मी.ची आठवण लावली आहे, पावसात 500.

फायदा? इंटरकूलरचा पाईप मागच्या महिन्यात पुन्हा उघडला : बोट फिरवलं तर नुसता ओशटपणा, ओघळ नाही. मॅनिफोल्डमधला जुना थर मात्र जिथल्या तिथे. कॅन नवं अडवतो, जुनं खरवडत नाही, आणि ईजीआरची काजळी तर येतच राहणार. मायलेज, पिकअप यात मला तरी काही जाणवलं नाही. ज्यांना जाणवतं त्यांना जाणवो. डबा, चकत्या, दोनदा नळी, ब्रॅकेट धरून 4,600 रुपये गेले. एवढ्यात मॅनिफोल्ड एकदा साफ करून झाला असता.

तरी मी तो काढणार नाही, कारण आता दर महिन्याला इंजिनाचं बॅक कॉम्प्रेशन मिलीत मोजता येतं. 1,000 कि.मी.ला 15 ते 20 मिली हा माझा नेहमीचा आकडा. तो विनाकारण दुप्पट झाला की मेस्त्रींकडे जायचं. नवी, वॉरंटीतली, हायवेवर पळणारी गाडी असेल तर मात्र या भानगडीत पडू नका. माझं उरलेलं काम एकच : दरवेळी तळाचा बोल्ट काढताना हात बरबटतात, तिथे पितळी कॉक बसवायचाय. लेथवाला गेले तीन शनिवार ‘उद्या’ म्हणतोय.